कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देऊ नका

सोलापुरात सात रस्त्याला चहाच्या टपरीशेजारी, गाडीच्या बॉनेटवरच कागद पसरून व्यवहार होतो. गाडीची मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०. खाली विकणाऱ्याची सही ठळक. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी, तारखेची जागाही कोरी. आरसी, इन्शुरन्सची आणि आधारची झेरॉक्स, दोन किल्ल्या. पैसे मोजले, हात मिळवला, गाडी गेली.

नाव कोरं ठेवण्यामागे हिशोब असतो. मधला माणूस, म्हणजे गाड्यांचा दलाल, गाडी स्वतःच्या नावावर करून घेतच नाही. आरसीवर मालकांची संख्या एकनं वाढली की भाव पडतो, म्हणून तो पुढच्या गिऱ्हाईकाचं नाव तिथं भरणार. ते गिऱ्हाईक महिन्यानं मिळेल नाहीतर वर्षानं. तोवर एमएच १३ ची ती गाडी अक्कलकोट रोडला पळो की मोहोळला, सरकारदरबारी मालक तुम्हीच.

मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्वच्छ सांगितलं. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी आली नोंदणीतल्या पहिल्या मालकावर. अनेकांना हा अन्याय वाटतो, मला वाटत नाही. गाडीखाली ज्याचा पाय गेला, त्याच्या हातात फक्त नंबरप्लेट असते. गाडी कुणी कुणाला विकली, हे शोधत त्यानं हिंडायचं का? कायद्यानं त्याची बाजू घेतली हे बरोबरच झालं. म्हणूनच नाव बदलून घ्यायचं ओझं विकणाऱ्यानं स्वतःच्या डोक्यावर घ्यायला हवं.

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘आजपासून अपघात, पोलीस केस, दंड याची सर्व जबाबदारी घेणाराची’ असं लिहून नोटरी केली की सुटलो, हा समज फार घट्ट आहे. तो कागद जरूर करा. त्यावर गाडी दिल्याची तारीख आणि वेळसुद्धा टाका. पण तो बांधील आहे तुमच्या आणि घेणाऱ्याच्या दोघांत. अपघातात जखमी झालेल्यानं त्यावर सही केलेली नसते. तुम्ही आधी भरपाई भरायची आणि मग तो कागद घेऊन घेणाऱ्यावर दिवाणी दावा लावायचा, एवढाच त्याचा उपयोग.

आता विमा, कारण खरी भांडणं तिथं होतात. नाव बदललेलं नाही पण पॉलिसी चालू आहे, तर थर्ड पार्टीची, म्हणजे गाडीमुळं नुकसान झालेल्या तिसऱ्या माणसाची, भरपाई कंपनी देते; मात्र चालवणाऱ्याकडं लायसन्स नसेल तर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. पॉलिसी संपलेली असेल तर सगळा बोजा थेट नोंदणीतल्या मालकावर. आणि विकलेल्या गाडीचा विमा भरायची आठवण कुणाला राहते?

याहून मोठी चूक म्हणजे गाडी दिली त्याच दिवशी कंपनीला फोन करून पॉलिसी रद्द करणं. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वाचवायचा असतो, उरलेला हप्ता परत हवा असतो. पण आरसी अजून तुमच्या नावावर आहे, म्हणजे तुम्ही स्वतःचीच गाडी बिनविम्याची रस्त्यावर सोडली. क्रम असा ठेवा: आधी आरसी, मग पॉलिसी. बोनस कुठं जात नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. कंपनीकडून तसं पत्र घेतलं की तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो. पन्नास टक्क्यांपर्यंत पोचला असाल तर ही रक्कम किरकोळ नाही.

घेणाऱ्यानंही बेफिकीर राहू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणं थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच हे ठरवून दिलंय. चौदा दिवसांत कंपनीकडं अर्ज करायचा असतो. तो राहिला, आरसी नव्या मालकाची आणि पॉलिसी जुन्याची, अशा अवस्थेत गाडी ठोकली तर गॅरेजचं बिल स्वतःच्या खिशातून. शिवाय मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा जुन्या मालकाच्या नावचा. नवा मालक त्या गाडीच्या अपघातात दगावला, तर त्याच्या बायकोमुलांना त्यातून काही मिळत नाही.

मग करायचं काय? कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवा. थकलेलं ई-चलन भरून टाका. फॉर्ममध्ये घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख स्वतः बसून भरा, मगच सही. अर्ज ‘परिवहन’च्या संकेतस्थळावर तुमच्यासमोर व्हावा, ओटीपी कुणालाही फोनवरून सांगू नका. विकणाऱ्याला खबर द्यायला चौदा दिवस आणि घेणाऱ्याला अर्जाला तीस दिवस आहेत. ‘एजंटाकडं दिलंय, होईल’ यावर थांबू नका. ठरलेल्या किमतीवर काही हजारांची अनामत घेणाऱ्याकडून घ्या आणि आरसीवर नवं नाव दिसल्यावरच परत द्या. भिडेपोटी हे बोलायचं टाळलं जातं, तिथंच घोळ होतो. फास्टॅगही बंद करायला विसरू नका.

गिऱ्हाईक इंडीचं, विजापूरचं किंवा कलबुर्गीचं असेल तर जास्त सावध राहा. राज्याबाहेर जाताना फॉर्म २८ ची एनओसी लागते, पण ती निघाली म्हणजे नाव बदललं असं नाही. तिकडच्या कार्यालयात नोंद होईपर्यंत गाडी तुमचीच. एनओसी काढून दिली आणि माणूस तिकडं गेलाच नाही, असं होऊ शकतं.

डीलरला गाडी देत असाल तर त्याच्याकडं आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरता येतो, आणि मग गाडीची जबाबदारी त्याच्याकडं जाते. हा फॉर्म न भरता गाडी ठेवून घेणारा डीलर आणि टपरीजवळचा मधला माणूस यांत तुमच्या दृष्टीनं काही फरक नाही.

ज्यांनी दोन-चार वर्षांपूर्वीच गाडी दिली आहे, त्यांनी आज नंबर टाकून नाव तपासा. तुमचंच निघालं आणि घेणारा सापडत नसेल, तर विक्रीच्या कागदाची प्रत जोडून विजापूर रोडच्या आरटीओत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोलीस ठाण्यातही एक अर्ज द्या. आणि गाडी हातात नसली तरी तिचा थर्ड पार्टी विमा स्वतःच भरून ठेवा. सव्वाशे सीसीच्या दुचाकीचा हप्ता २०२२ च्या दरपत्रकात जीएसटी सोडून ७१४ रुपये होता. अपघात न्यायाधिकरणाची, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाची, नोटीस आलीच, तर ‘माझी गाडी नाही’ म्हणून ती परत पाठवू नका. हजर राहा, अपघाताच्या तारखेची पॉलिसी वकिलाकडं द्या आणि घेणाऱ्याला दाव्यात पक्षकार करायला सांगा. गैरहजर राहिलात तर निकाल एकतर्फी होतो.