पैशांचा पाऊस नेमका कुणाच्या अंगणात पडला?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: २०२० साली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाली, तेव्हापासून कृष्णवर्णीय स्त्रियांनी चालवलेल्या संस्थांवर अनुदानांचा पाऊस पडतो आहे. तो कामासाठी नाही, रंगासाठी. हिशेब कुणी देत नाही. कोर्टानेही हे बेकायदा ठरवलंय. आणि आपण या देशात आलो तेव्हा आपल्याला कुणी काय दिलं होतं?

हा मजकूर चुकीचा आहे आणि अन्यायाचाही आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पाऊस पडला?

२०२० मध्ये कंपन्यांनी मोठाल्या घोषणा केल्या, हे खरं. वॉशिंग्टन पोस्टने २०२१ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या ५० कंपन्यांच्या घोषणांची बेरीज केली. ती आली ४९.५ अब्ज डॉलर. फॉरवर्ड होतो तो एवढाच आकडा. त्यातले ४५.२ अब्ज हे कर्ज किंवा गुंतवणूक या स्वरूपात होते, म्हणजे ज्यावर कंपनीच पुढे कमावू शकेल असे. त्यातही निम्म्याहून जास्त घरकर्जं, आणि जवळपास सगळी रक्कम दोन बँकांची. अनुदान म्हणून उरले ४.२ अब्ज, तेही वांशिक समतेच्या एकूण कामासाठी. हप्ते भरून फेडायच्या घरकर्जाला अनुदान म्हणता येत नाही.

त्याआधीची परिस्थितीही पाहा. मिझ फाउंडेशन फॉर विमेनने २०२० मध्ये एक अहवाल काढला. २०१७ साली अमेरिकन फाउंडेशनांनी, म्हणजे अनुदानं वाटणाऱ्या संस्थांनी, ६६.९ अब्ज डॉलर वाटले. श्वेतेतर स्त्रिया आणि मुलींसाठी म्हणून दिलेली रक्कम होती ३५.६ कोटी, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. माणशी वर्षाला ५ डॉलर ४८ सेंट. यात फक्त कृष्णवर्णीय नाहीत, लॅटिना आहेत, मूलनिवासी आहेत आणि आपणही आहोत.

लायकी असेल तर पैसे मिळतातच?

या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण तो सज्जन माणसांनाही पटतो. एकोइंग ग्रीन ही संस्था नव्या सामाजिक उपक्रमांना निवडून पाठबळ देते. तिच्याकडच्या सर्वांत पात्र ठरलेल्या अर्जदारांची आकडेवारी ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने तिच्यासोबत २०२० मध्ये तपासली. म्हणजे लायकीची चाळणी आधीच लागलेली होती. तरीही कृष्णवर्णीय नेतृत्वाच्या संस्थांचं उत्पन्न श्वेत नेतृत्वाच्या संस्थांपेक्षा २४ टक्के कमी निघालं, आणि अटी नसलेला, हातात मोकळा असलेला निधी तब्बल ७६ टक्के कमी. कृष्णवर्णीय स्त्रियांना तर कृष्णवर्णीय पुरुषांपेक्षाही आणि श्वेत स्त्रियांपेक्षाही कमी.

खरी मेख त्या मोकळ्या निधीत आहे. समजा, एखादी संस्था गरोदर बायकांना डूला पुरवते, म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी प्रशिक्षित बाई. काम किती गरजेचं आहे? २०२३ मध्ये अमेरिकेत दर लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू होते ५०.३, श्वेत मातांचे १४.५. फाउंडेशन पैसे देतं ते 'अमुक इतक्या डूलांचं प्रशिक्षण' यासाठी. प्रशिक्षण होतं, फोटो निघतात, अहवाल जातो. पण रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या बाईचा फोन जी उचलते तिचा पगार, ऑफिसचं भाडं, हिशेबनीसाची फी, यातलं काहीच त्या प्रकल्पात बसत नाही. सरकारी अनुदान असेल तर बहुतेकदा आधी पदरचे खर्च करा, पावत्या लावा, मग पैसे मिळतील. ज्या संस्थेच्या खात्यात दोन महिन्यांचे पगारही नाहीत, तिने आधी खर्च करायचा कुठून? मग तीच संस्था 'लहान' म्हणून पुढच्या वर्षी वगळली जाते. शिवाय कितीतरी फाउंडेशनं आमंत्रणाशिवाय अर्जच घेत नाहीत. आमंत्रण ओळखीच्यांना जातं.

हिशेब देत नाहीत?

देतात, द्यावाच लागतो. करमाफी असलेल्या संस्थेला दरवर्षी आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडे, फॉर्म ९९० हा जमाखर्चाचा अहवाल भरावा लागतो आणि तो कुणालाही वाचायला खुला असतो. वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर छोटा फॉर्म चालतो. सलग तीन वर्षं भरला नाही तर करमाफी आपोआप रद्द. चर्चसारख्या धार्मिक संस्था सोडल्या, तर हे नियम सगळ्यांना सारखेच आहेत.

कोर्टाने बेकायदा ठरवलं?

इथे मजकुरात थोडं सत्य आहे. अटलांटाचा फिअरलेस फंड कृष्णवर्णीय स्त्रियांच्या व्यवसायांना स्पर्धेतून २०,००० डॉलरचं अनुदान द्यायचा. वंशावर आधारलेल्या सवलतींविरुद्ध दावे लढवणारे एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेने २०२३ मध्ये त्यावर दावा लावला. जून २०२४ मध्ये अकराव्या सर्किट कोर्टाने, म्हणजे संघराज्याच्या अपील कोर्टाने, दोन विरुद्ध एक मताने स्पर्धेला तात्पुरती मनाई केली आणि सप्टेंबरात तडजोड होऊन स्पर्धा कायमची बंद झाली. पण अंतिम निकाल लागलाच नाही. वादही एका स्पर्धेच्या नियमांचा होता. त्या नियमांतून करार होतो आणि त्यात वंशाची अट आहे, हा आक्षेप होता. मातामृत्यू रोखायला, वस्तीतल्या मुलींना शिकवायला एखाद्या संस्थेला देणगी देणं त्या मनाईने बेकायदा ठरत नाही.

मला अस्वस्थ करतो तो वापरलेला कायदा. १८६६ चा नागरी हक्क कायदा, गुलामीतून सुटलेल्यांना श्वेत नागरिकांसारखेच करार करता यावेत म्हणून केलेला. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्याच लढ्यातून आलेला. तो आता त्या गुलामांच्या नातींविरुद्ध चालवला जातो.

आपल्याला कुणी काय दिलं?

१९५५ च्या डिसेंबरात अलाबामातल्या मॉन्टगोमरीत, बसमधल्या वंशभेदाविरुद्ध, कृष्णवर्णीयांचा बस-बहिष्कार सुरू झाला. जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण आणि तिच्या मैत्रिणींनी तळलेलं चिकन, सँडविच, केक आणि 'पाय' हा गोड पदार्थ विकून पैसे उभे केले. गटाचं नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे कुठूनच न आलेला क्लब. पैसे कुठून आले, असं विचारलं तर 'कुठूनच नाही' असं सांगता यावं, म्हणजे गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बायकांची नोकरी जाऊ नये. त्या पैशातून लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांचं पेट्रोल भागायचं. बहिष्कार ३८१ दिवस टिकला. बहिष्काराचे नेते मार्टिन ल्युथर किंग यांच्या बाजूने कोर्टात साक्ष दिल्यावर गिलमोरची स्वतःची नोकरी गेली. स्वतःच्या पायावर उभं राहा, हे या बायकांना कुणी शिकवायची गरज नाही.

त्याच नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यात १९६५ चा स्थलांतर कायदा झाला. त्याआधी भारतीयांचा कोटा होता वर्षाला १००. आपल्यापैकी बहुतेकांच्या व्हिसाची वाट त्या कायद्यातून जाते.

डिसेंबरात देणगी द्यायची असेल तर आपल्या शहरातली कृष्णवर्णीय स्त्रियांनी चालवलेली एखादी संस्था शोधा, तिचा फॉर्म ९९० वाचा, आणि देणगीवर प्रकल्पाची अट घालू नका. 'सर्वसाधारण खर्चासाठी' असं लिहा. तुमची कंपनी तुमच्या देणगीत तेवढीच रक्कम घालत असेल तर तो अर्जही भरा. आणि जमलं तर पुढच्या वर्षीचाही शब्द आत्ताच द्या, म्हणजे त्या फोन उचलणाऱ्या बाईला जानेवारीतही कामावर ठेवता येईल.