केटी राहू द्या, बँकॉक गाठा

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय, पण डिग्री नाही? अजिबात मनाला लावून घेऊ नका. त्वरा मात्र करा, कारण फक्त दोन सीट शिल्लक आहेत. मागच्या शनिवारीही दोनच होत्या, असं खालचा वॉचमन म्हणाला.

मी परवा भाच्याबरोबर वाशीला सेक्टर १७ मध्ये, परदेशात नोकऱ्या लावून देणाऱ्या एका एजन्सीत जाऊन आलो. ताईचा फोन होता, "तू इंग्रजीचा मास्तर, जरा बघून ये रे." नौपाड्यात बावीस वर्षं दहावीच्या शिकवण्या घेतोय, म्हणून मान मिळाला. तिथे मिळालेलं ज्ञान आता तुम्हाला फुकट देतो.

आधी टेफलचं, म्हणजे परक्यांना इंग्रजी शिकवण्याचं, सर्टिफिकेट घ्या. १२० तासांचा कोर्स असतो. भाच्याची शेवटची परीक्षा लोकलमध्ये मोबाईलवर ऐरोलीला सुरू झाली आणि तुर्भे यायच्या आत तो ९४ टक्क्यांनी पास झाला. केंब्रिजच्या सेल्टा नावाच्या अशाच कोर्सलाही तेवढेच तास लागतात, पण त्यांत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवावं लागतं आणि मागे परीक्षक बसलेला असतो. असल्या भानगडीत पडू नका. आमच्या सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का आहे. ‘टीचर’च्या स्पेलिंगमधला ए तेवढा छापायचा राहिलाय.

एसी गार असला की कंपनी खरी समजावी.

देश निवडताना भूगोल आड येऊ देऊ नका. कोरियाचा इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मुळात सात देशांच्या लोकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. साहेबाने दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलं, ते त्यांच्या हिशेबात धरलेलं नाही. २०१० च्या भारत-कोरिया करारामुळे भारतीयांसाठी एक फट उघडली खरी, पण तिथेही पदवी आणि शिक्षकाचा परवाना मागतात. व्हिएतनामला पदवी लागते, चीनला पदवी लागते. जाऊ द्या, कोत्या मनाचे देश आहेत.

राहिलं थायलंड. तिथेही शाळेत शिकवायला पदवी लागते, वर्क परमिट लागतं. पण आमच्या काउन्सेलर मॅडमकडे तोडगा आहे. टुरिस्ट म्हणून उतरायचं, शिकवायला लागायचं, मुदत संपत आली की सीमेपलीकडे जाऊन परत यायचं, "कागद मागाहून होतात, सर." कागद मागाहून होत नसतात, मॅडम! लग्नाचा हॉल आहे का तो, अॅडव्हान्स आज आणि बाकी नंतर द्यायला? परमिटशिवाय काम करताना सापडलं तर ५,००० ते ५०,००० बाट दंड, वर हकालपट्टी आणि पुढची दोन वर्षं परमिट बंद. हे मी तिथेच मोबाईलवर काढून दाखवलं. मॅडम हसल्या. "सर, तुम्ही फार निगेटिव्ह आहात. आमची शंभर मुलं गेलीत." गेलीत हे खरं असेल हो. त्यातली किती परत आली आणि कशी आली, ते मी विचारलं. तेवढ्यात चहा आला.

मग मी लायसन्स मागितलं. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, यादी ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर बघता येते आणि फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी याच्यावर घेता येत नाही. मॅडमनी भिंतीकडे बोट केलं. गणपतीच्या तसबिरीशेजारी फ्रेममध्ये दुकानाचा गुमास्ता परवाना लटकत होता. गुमास्ता! तो आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही आहे, म्हणून तो पोरांना बँकॉकला नाही पाठवत. आणि फी किती सांगितली? १,४०,००० रुपये. रोख. पावती "प्रोसेसिंगमध्ये".

पावती मागू नका, संबंध बिघडतात.

परतीच्या लोकलमध्ये भाचा कोपरखैरण्यापर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "मामा, कंबोडियाला डिग्री नसली तरी घेतात म्हणे." घेतात ना. काही शाळा घेतात, आणि शाळा नसलेलेही घेतात. नोकरीच्या नावाने नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवलेली शेकडो भारतीय पोरं आपल्या वकिलातीने तिथून सोडवून आणली, २०२४ साली बातम्या वाचल्या नाहीत का रे? रिल्स बघायला बरा वेळ असतो!

आता उपरोध पुरे, मला जमतही नाहीये. डिग्रीला पळवाट नाही असं माझं म्हणणं नाही. पण तुम्हाला पळवाट विकणारा माणूस तुमच्याबरोबर विमानात बसत नाही, एवढं तरी बघा. बी.कॉम.चे दोन विषय राहिलेत त्याचे, दोनच केटी! कॉलेज नकोच असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना घरबसल्या पदव्या देतंय. त्याला पाटल्या गहाण टाकाव्या लागत नाहीत. हो, ताईने टाकल्यात. मला न विचारता, गोखले रोडवरच्या सोनाराकडे. मला बघायला पाठवलं ते त्याच्यानंतर.

ताई, तू हे वाचशीलच. सोमवारी जाऊन आधी पाटल्या सोडव. आणि त्याचं अकाउंट्सचं पुस्तक माळ्यावर दिवाळीच्या कंदिलामागे आहे, ते त्यालाच स्टुलावर चढून काढायला लाव.