२५२० ही ‘एकमेव’ संख्या नव्हे

२५२० या संख्येविषयीचा एक संदेश समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्यात म्हटलेले असते की, १ ते १० यांपैकी प्रत्येक संख्येने निःशेष भाग जाणारी ही एकमेव संख्या आहे, तिचा शोध श्रीनिवास रामानुजन यांनी लावला, आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार हे तिचे गुपित आहे.

भाग जातो हे खरे. ‘एकमेव’ हे खोटे. २५२० ला ज्या संख्यांनी भाग जातो, त्यांनी तिच्या दुपटीला, तिपटीला आणि पुढच्या प्रत्येक पटीला जाणारच, त्यामुळे २५२०, ५०४०, ७५६० अशा संख्या एक लाखापर्यंतच ३९ भरतात. संदेशकर्त्याला ‘सर्वांत लहान’ म्हणायचे असावे, पण मग त्यात गूढ उरत नाही, कारण तो शाळेत शिकवला जाणारा लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे लसाविच आहे. ८ साठी २ हा अवयव तीनदा हवा, ९ साठी ३ दोनदा, आणि ५ व ७ एकेकदा. ४, ६ आणि १० यांची सोय त्यातच होऊन जाते. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. त्याला ११ ने गुणले की २७,७२० मिळते, आणि तिला १२ नेही भाग जातो.

शोधाचे श्रेय रामानुजन यांना देणे कालक्रमातच बसत नाही. आदर्श नगरातल्या कुटुंबांसाठी प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने ५०४० हा आकडा निवडला, तो १ ते १० या सर्वांनी भाग जातो हे सांगूनच. आणि लसावि काढण्याची रीत प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या सातव्या भागात आहे. रामानुजन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा अधिक विभाजक असणाऱ्या संख्यांविषयी आहे. २५२० त्यांपैकी एक आहे खरी (तिचे ४८ विभाजक आहेत, तर तिच्या आधीच्या १६८० चे ४०), पण त्यांचे लक्ष कोणा एका संख्येकडे नव्हते. अशा संख्यांचे मूळ अवयव पाडले तर त्यांचे घातांक वाढत्या क्रमाने कधीच येत नाहीत, आणि ४ व ३६ वगळता शेवटच्या मूळ अवयवाचा घातांक १ च असतो, हे त्यांनी सिद्ध केले. २५२० चे घातांक पाहा: ३, २, १, १. संदेशातल्या कौतुकापेक्षा हे कितीतरी खोल आहे.

राहिले ७ × ३० × १२. गुणाकार बरोबर आहे. मात्र या तिघांचा लसावि ४२० आहे आणि त्याला ८ ने किंवा ९ ने भाग जात नाही. ३० मध्ये एक २ आणि एक ३, तर १२ मध्ये दोन २ आणि एक ३ आहे, म्हणून गुणाकारात हवे तेवढे अवयव योगायोगाने जमतात. शिवाय वर्षातले सात महिने ३१ दिवसांचे असतात, आणि ७ × ३१ × १२ म्हणजे २६०४ ला ५ नेही भाग जात नाही.