मे महिन्यात शेतकरी नरम असतो म्हणे

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "काटोलकडे वावर घ्यायचं असेल तर हाच सीझन. मे महिन्यात शेतकरी नरम असतो." खाली सात-आठ जणांचे अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

नरम नाही हो, अडलेला असतो तो! कापूस विकून झाला, आलेला पैसा 31 मार्चच्या आत पीककर्ज भरण्यात गेला, नवीन कर्ज अजून हातात नाही. समोर मृग, म्हणजे बियाणं आणि खत. त्यातच लग्नसराई आणि पोरांच्या शाळा. घरात पैसा यायचा तो दसरा-दिवाळीपासून पुढे, सोयाबीन, कापूस आणि संत्र्याचा. तेव्हा याच माणसाला वावराचा भाव विचारून पाहा. तुम्हाला बसवेल, चहा पाजेल आणि विकायचं नाही म्हणून सांगेल. वावर तेच, विहीर तीच.

आमचं तीन एकर असंच मे महिन्यात गेलं. माझ्याच लग्नासाठी.

दलाल दोन पाहुणे घेऊन आला तो भर दुपारी. भारी काळी जमीन, उन्हाने तडकलेली. त्याने खाली बसून एका भेगेत मनगटापर्यंत हात घातला आणि पाहुण्यांना दाखवला. "भाऊ, पाहा किती फाटली. यात काय पिकते?" बाबा हळूच म्हणाले, "फाटते म्हणूनच पिकते." खरंच आहे ते. काळी जमीन उन्हात फाटते, पावसात फुगून मिटते, वरची माती आपोआप खाली जाते. दलालाला हे माहीत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. पण त्या भेगेवर एकरी भाव पाडला, आणि बाबांना लग्नाची तारीख दिसत होती.

मान्य आहे, उन्हाळ्यात वावर मोकळं असतं, धुरे, म्हणजे बांध, दिसतात, मोजणीला पीक आडवं येत नाही, पांदणीने गाडी आत जाते. पावसाळ्यात आमच्याकडच्या चिखलात कोण उतरणार? म्हणून पाहायला मे महिन्यात या, जरूर या. अडलेल्या माणसाला पाडून मागायचं कशाला?

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहितेय? महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. म्हणजे अंगठा देणाऱ्या या सगळ्यांच्या घरी कुठे ना कुठे सातबारा आहेच. यांच्याही बापाने मे महिने काढलेत. पगार सुरू झाला की विसरायला होतं का इतकं?

असो. ग्रुपवर भांडले नाही. रोज लिफ्टमध्ये भेटणारी माणसं आहेत, वाईटही नाहीत. त्यांना कोणी सांगितलंच नसेल.

त्या तीन एकरांतल्या एकात संत्रा होता. आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या आसपास तोडणीला येणारी, फळं तेव्हा लिंबाएवढी झालेली. विहिरीत उरलेलं सगळं पाणी बाबा झाडांनाच देत होते. दलाल म्हणाला, झाडं वाळायला आली, हिशेबात धरू नका. धरली नाहीत. रजिस्ट्रीच्या दिवशी बाबांचा अंगठा मशीन घेईना, कामाने बोटं पार घासलेली. दुपट्ट्याला हात पुसून पुसून चौथ्यांदा दिला तेव्हा उमटला. दिवाळीनंतर मी पहिल्यांदा माहेरी गेले, तेव्हा आई एसटीच्या खिडकीतून बोट दाखवत म्हणाली, "पाहा, कसा रंग धरला." वावर आपलं नाही, हे ती क्षणभर विसरली होती. मी काही बोलले नाही.

माझ्या यादीतले जे कोणी या रविवारी वावर पाहायला निघाले आहेत, त्यांच्याकडे एकच मागणं. आजूबाजूच्या वावरांना दिवाळीत काय भाव होता, ते गावातल्या चार जणांना विचारा आणि तेवढा द्या. झाडावर फळ असेल तर त्याचे पैसे वेगळे धरा, किंवा यंदाचा बहार त्यालाच तोडू द्या.