परदेशातून परतलेल्यांनी कसे वागावे

परदेशातली नेमणूक संपवून परत आलात? अभिनंदन. इथे सगळे तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते, ही समजूत आधी घट्ट धरून ठेवा. पहिल्याच दिवशी ऑफिसच्या दारात कार्ड चाललं नाही, म्हणून नाउमेद होऊ नका. टेबलावर दुसऱ्याच कुणाचा मग असेल, खणात दुसऱ्याच कुणाचा चार्जर. आणि जो तुम्हाला विचारून रजा घ्यायचा, त्याच्याकडेच आता तुम्हाला रजा मागायची आहे. तुम्हाला पाठवताना व्हिसा, विमा, घरभाडं, तिकडची भाषा शिकवायला शिक्षक, सगळं कागदावर होतं. परत आल्यावर काम काय द्यायचं, तेवढा रकाना राहून गेला. इतकं बारीकसारीक कोण बघतं? तूर्तास तुम्हाला ‘विशेष प्रकल्प’ मिळेल. कोणता, ते विचारू नका. देणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होतं.

बैठकीत मात्र माघार नको. कुणी काहीही मांडलं की ‘तिकडे आम्ही हे वेगळ्या पद्धतीनं करायचो’ असं म्हणून गळा साफ करायचा. तिकडे असताना ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणून म्हणून तुम्ही लोकांना वात आणला होता, हे इथे कुणाला ठाऊक आहे?

‘मग, कसं होतं?’ असं प्रत्येक जण विचारेल. सविस्तर सांगा. लिफ्ट येईपर्यंत वेळ असतो.

घरी तर मैदान मोकळंच. तुमच्या माघारी जोडीदारानं एकट्यानं संसाराची घडी बसवलेली असते. ती विस्कटण्याचा मान तुमचा. मूल तुमच्या शेजारी बसून, पलीकडच्या खोलीत हाक मारून बाहेर जायची परवानगी मागेल. तेव्हा आपण पाहुणे नाही, हे सिद्ध करायला ताबडतोब ‘नाही’ म्हणा.

एखादा वाचणारा मित्र गलाहॉर्न या अमेरिकी संशोधक दांपत्याचं नाव काढेल. परदेशात गेल्यावर माणसाच्या जुळवून घेण्याचा आलेख खाली जाऊन वर येतो, आणि घरी परतल्यावर तो पुन्हा तशीच बुडी मारतो, असं त्यांनी १९६३ सालीच मांडलं होतं. हे एचआरला सांगायला जाऊ नका. साठच तर वर्षं झालीत, वाचतील सावकाश.

अगदीच असह्य झालं तर राजीनामा द्या. निरोपसमारंभात तुमच्या परदेशी अनुभवाचं तोंड भरून कौतुक होईल, कंपनीचं केवढं नुकसान झालं तेही कळेल. मग भाषण संपवून साहेब शेजारी येऊन बसतील आणि हळूच विचारतील, ‘कुठल्या देशात होतात हो तुम्ही?’