परदेशातून : ट्यूटर मिळतील, पेपरचं काय?

पुण्यात डॉक्टर मंडळी जमली की हल्ली एक वाद हमखास निघतो. २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात स्वयं-अध्ययनाचे तास आले, छोटे गट आले. 'लेक्चरं कमी केलीत, पोरं ॲनाटॉमीत कच्ची राहणार,' असं जुने सर म्हणतात. पुण्यातच दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीचा प्रश्न रोखठोक : "मावशी, केसवरून शिकून नीट-पीजीत मार्क वाढतात का?" (नीट-पीजी म्हणजे एमबीबीएसनंतरची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा.)

मी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला राहते. इथल्या विद्यापीठात १९७४ पासून डॉक्टर असेच, छोट्या गटात केसवरून शिकत, घडतात. मूळ कल्पना कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाची, १९६९ची. दहाएक विद्यार्थी, एक ट्यूटर, एक केस : जिना चढताना बाईंना धाप लागते. का, यावर आधी आपसात डोकं चालवायचं, अडेल ते फळ्यावर लिहायचं, वाचून यायचं, पुन्हा बसायचं. ट्यूटर उत्तर सांगत नाही. (आपल्याकडच्या सरांना हेच सर्वांत जड जाईल.)

मार्क मात्र वाढतीलच असं नाही. १९९३च्या संशोधन-आढाव्यांत अशी केसवरून शिकलेली मुलं मूलभूत विषयांच्या पेपरात कधीकधी मागे पडलेली दिसली, रुग्णाजवळच्या कामात बरोबरीची किंवा सरस. २००८च्या एका आढाव्यात पदवीनंतरचा फरक दिसतो : रुग्णाशी बोलणं, निदान पक्कं नसतानाही न गडबडणं. बहुपर्यायी प्रश्नांत (एमसीक्यूत) हे कुठे मोजणार?

मास्ट्रिख्टनं हे ओळखलं आणि १९७० च्या दशकातच परीक्षा बदलली. सगळ्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना एकच पेपर, वर्षातून चार वेळा, पातळी पदवीधराची. पहिल्या वर्षाच्या मुलाला फारसं येत नाही, येणं अपेक्षितही नाही; ज्ञान वाढतंय का, एवढंच बघतात. आदल्या रात्री घोकून काही हाती लागत नाही.

भाचीच्या कॉलेजात स्वयं-अध्ययनाच्या तासाला दोघं पीपीटी वाचतात आणि मागचे बाक एमसीक्यू सोडवतात. मी त्या मुलांना दोष देणार नाही. पुढे पीजीची जागा दोनशे एमसीक्यूंवरच ठरणार.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयासारख्या अडीचशेच्या वर्गाला पंचवीस ट्यूटर कुठून आणायचे, ही अडचण खरी आहे. पण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला पेपरातला 'टीपा लिहा' हा प्रश्न काढून तिथे धाप लागलेल्या बाईंची केस द्यायला एकही ट्यूटर लागत नाही. सुरुवात तिथून करावी.