कळ थांबली म्हणजे धोका टळला, हे खरं नाही

गरोदर बायकांसाठी म्हणून एक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: वरच्या पोटात अचानक कळ येऊन चक्कर आली तर ते पित्त, डाव्या कुशीवर झोपवा, बरं वाटलं तर दवाखान्यात जायची गरज नाही. सीटी स्कॅन सांगितला तर नाही म्हणा, बाळाला अपाय होतो. आणि आत नस फुटलीच असेल, तर तसंही कुणी वाचत नाही.

पित्ताचं आधी बघू. गरोदरपणात जळजळ पुष्कळ जणींना होते, पण जळजळीने माणूस पांढराफटक पडून कोसळत नाही. कोसळण्यामागे जी कारणं शोधावी लागतात, त्यांत प्लीहेच्या (पोटात डावीकडे वर, बरगड्यांखाली असलेल्या अवयवाच्या) धमनीचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, फुटणं हे एक आहे. पोटातल्या अवयवांना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवर जे फुगे येतात, त्यांतले सुमारे ६० टक्के याच धमनीवर असतात आणि पुरुषांपेक्षा बायकांत ते कितीतरी जास्त दिसतात. गरोदरपणात संप्रेरकांमुळे धमनीची भिंत कमकुवत होते, शिवाय रक्ताचा ओघही वाढतो. फुटण्याची भीती शेवटच्या तीन महिन्यांत सर्वाधिक. डावा खांदा दुखत असेल तर तो चोळत बसू नका. पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, डिवचतं आणि त्याची कळ खांद्यात जाणवते.

मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ ‘बरं वाटलं तर’ ही. ही धमनी जठराच्या मागून जाते. फुगा फुटला की रक्त कधीकधी आधी जठरामागच्या बंदिस्त पोकळीत साचतं. तिथे दाब वाढतो, त्या दाबानेच रक्तस्राव काही काळ थोपतो. नाडी सुधारते, बाई उठून बसते, पाणी मागते. पुढे ते रक्त अरुंद वाटेने सगळ्या पोटात उतरतं आणि मग रक्तदाब झपाट्याने कोसळतो. या दोन टप्प्यांत काही तास जातात, कधी एकदोन दिवसही. जीव वाचवायला मिळतो तो हाच वेळ, आणि मेसेज तो अंथरुणात घालवायला सांगतो.

‘महिन्यापूर्वीची सोनोग्राफी नॉर्मल होती’ याचाही आधार घेऊ नका. ती बाळ आणि वार बघण्यासाठी केलेली असते. कॅज्युअल्टीत खाटेवरच केलेली सोनोग्राफी पोटात मोकळं रक्त आहे का ते सांगते. कुठून येतंय ते बहुधा सांगू शकत नाही.

ते दाखवते सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी. पोटाच्या एका सीटीत बाळाला मिळणारा किरणोत्सर्ग साधारणपणे ५० मिलिग्रेच्या आत असतो, आणि त्या पातळीखाली व्यंग किंवा गर्भपाताचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. आईचा रक्तदाब सावरलेला असेल तर सीटी करावाच. सावरत नसेल तर सीटीसाठीही थांबायचं नाही, थेट ऑपरेशन थिएटर.

‘कुणी वाचत नाही’ हे सरसकट खोटं आहे. गरोदरपणात फुटल्यास धोका भयंकर असतो: जुन्या नोंदींत सुमारे ७५ टक्के माता आणि ९५ टक्के बाळं दगावल्याचे आकडे आहेत. म्हणून तर वेळ महत्त्वाचा. थिएटरात सिझेरियन करताना गर्भाशय शाबूत आणि पोटात मात्र रक्त दिसलं, की सर्जनने चिरा वर वाढवून प्लीहेकडे बघायला हवं. धमनी दोन्ही बाजूंनी बांधता येते. फुगा प्लीहेला चिकटून असेल तर प्लीहा काढावी लागते, आणि मग न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस वगैरे जंतूंविरुद्धच्या लसी घ्याव्याच लागतात. पेशंट स्थिर असेल तर मांडीतल्या किंवा हातातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन फुग्याच्या अलीकडे आणि पलीकडे धातूच्या कॉइल बसवतात. पलीकडची बाजू मोकळी सोडली तर रक्त उलट्या वाटेने फुग्यात शिरतं. प्लीहेला जठराकडच्या छोट्या धमन्यांतूनही रक्त मिळत असल्याने ती बऱ्याचदा टिकते.

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटीत असा फुगा आढळला, तर रिपोर्ट कपाटात ठेवू नका. एरवी त्रास नसलेल्या फुग्यावर ३ सेंटिमीटरच्या पुढे उपचार सुचवतात. पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला अमेरिकेतल्या व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनांच्या संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आकार न बघता उपचार सांगतात. तेव्हा दिवस जाण्याआधीच व्हॅस्क्युलर सर्जनला किंवा नळीवाटे असे उपचार करणाऱ्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टला तो दाखवा.